शिशाचा हत्ती

नाणं मी घाटाच्या दगडी पायरीवर आपटलं. थप्प. ओल्या मातीचा गोळा पडावा तसा आवाज झाला.

"आजी, हे खोटं आहे," मी म्हणाले.

म्हातारी घोटाभर पाण्यात उकिडवी बसून लाकडी पाटीत वाळू धूत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही. "बरं," म्हणाली.

"बरं काय? वाजतच नाही हे!"

"शिसं हाये ते बाई. शिसं कधी वाजतंय व्हय?"

"शिशाचं कधी नाणं असतं का? असलं तर मी घरी चुलीवर ओतून करीन शंभर!"

"कर की," म्हातारी म्हणाली आणि पाटी गोल फिरवत राहिली.

असं कुणी बोललं की माझं डोकं सटकतं. मी एस.टी.त कंडक्टर. पैठण डेपोत तेव्हा आम्ही दोघीच बाया होतो, आणि माणसं आम्हाला गंडवायला टपलेलीच असायची. मिशी फुटलेल्या पोराचं अर्धं तिकीट मागायचे, मागच्या वर्षीचा पास अंगठ्याखाली तारीख झाकून दाखवायचे, गुळगुळीत झालेलं नाणं मुठीतून हळूच माझ्या पिशवीत सोडायचे. मी प्रत्येक नाणं तिकिटांच्या पेटीवर वाजवून घ्यायची. खण्ण झालं तर पिशवीत, नाहीतर परत. दोन वर्षांत माझ्या पिशवीत एक खोटं नाणं गेलं नव्हतं आणि त्याचा मला भारी तोरा होता.

त्या दिवशी नाणं हवं होतं ते वैजूसाठी. वैजयंती माझ्या नवऱ्याची, उत्तमची, पहिल्या बायकोपासूनची मुलगी. तिची आई काविळीनं गेली त्यानंतर नऊ महिन्यांनी मी त्या घरात आले. पोरगी मला आई म्हणत नव्हती, मावशी म्हणत नव्हती, काहीच म्हणत नव्हती. "ऐका ना," एवढंच. तोंड भरून "अहो-जाहो", सांगितलेलं काम मुकाट्यानं करायची, पण मी दिलेली वस्तू आधी उलटीपालटी करून बघायची. बिस्किटाचा पुडा दिला तर त्यावरची तारीख वाचायची. दिवाळीला मी तिला चांदीचे पैंजण आणले. आठ दिवसांत ते पिवळे पडले. तिनं पायातून काढून माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाली, "हे पण खोटं."

तो 'पण' मला बोचला. पण विचारायची हिंमत झाली नाही.

मग जानेवारीत तिचा दहावा वाढदिवस आला. काय आणू म्हणून विचारलं तर म्हणाली, "सातवाहनांचं नाणं. सरांनी वर्गात दाखवलं होतं, त्यावर हत्ती आहे. पैठणात मिळतं." आणि दाराकडे जाता जाता वळून म्हणाली, "खरं मिळालं तरच आणा. नाहीतर आणू नका. आणि मग परत काहीच आणू नका."

दहा वर्षांच्या पोरीनं मला शेवटची बस कधीची ते सांगितलं होतं. या खेपेला चुकले असते तर त्या घरात मी जन्मभर फक्त भाकऱ्या थापल्या असत्या.

आमच्या गाडीचे ड्रायव्हर रज्जाकभाई म्हणाले, घाटावर झारेकरी बसतात, त्यांच्याकडे बघा. झारेकरी म्हणजे सोनाराच्या दुकानापुढची धूळ आणि नदीतली वाळू धुऊन त्यातून सोन्याचांदीचे कण वेचणारी माणसं. पैठणच्या नदीत दोन हजार वर्षांचं काय काय पडलंय, तेही त्यांच्या पाटीत येतं. म्हणून मी ड्यूटीच्या मधल्या सुट्टीत खाकी साडीवरच घाटावर गेले होते, आणि ही साळूबाई नावाची म्हातारी मला न वाजणारं नाणं देत होती.

"केवढ्याला?" मी विचारलं.

"वीस रुपये."

झालं! होती नव्हती ती शंकाही फिटली. दोन हजार वर्षांची वस्तू वीस रुपयांत? वीस रुपयांत तर औरंगाबादपर्यंत तिकीट येत नाही.

"आजी, एवढं जुनं असतं तर वीसला दिलं असतंत का?"

"सोन्याचं असतं तर दिलं नसतं. ही गरिबाघरची नाणी. भाजीपाला घ्यायची. लई केली होती, लई पडली, लई घावत्यात. म्हणून सस्त."

बोलण्यात कुठं फट नव्हती. फट नसली की मी जास्तच सावध होते. गुळगुळीत बोलणाऱ्याचाच पास खोटा निघतो.

"जुनी नाणी विकायला परवानगी लागते म्हणे," मी खडा टाकून पाहिला. "आहे का तुमच्याकडे?"

"मग नगं घेऊ."

"लेकीचा वाढदिवस आहे हो शनिवारी. तिला खरंच पाहिजे."

म्हातारीचे हात थांबले. पहिल्यांदाच तिनं वर पाहिलं. माझ्या खाकी साडीकडे पाहिलं, खांद्यावरच्या चामडी पिशवीकडे पाहिलं, मग तोंडाकडे. बराच वेळ.

"घेऊन जा," ती एकदम म्हणाली. "पैसं आत्ता नगं देऊ. पोरीला दाव. तिला पटलं तर दे."

आता मात्र माझी खात्रीच पटली. 'पुढच्या स्टॉपवर देतो' म्हणणारे मी रोज बघत होते. हिला आधी नाणं माझ्या गळ्यात मारायचं होतं, मग घरापर्यंत यायचं होतं, मग आणखी काहीतरी काढायचं होतं. नाणं मी तिच्या पदराजवळ ठेवलं आणि ताडताड पायऱ्या चढून आले.

दुसऱ्या दिवशी बाजारात एका दुकानात गेले. यात्रेकरूंना मूर्ती, माळा, जुन्या-पुराण्या वस्तू विकणारं दुकान. मालकानं काचेच्या कपाटातून मखमली डबी काढली. आत नाणं. हत्ती असा स्वच्छ, की त्याचा डोळासुद्धा दिसत होता. मागच्या बाजूला चार गोल, मधे फुली. सोबत शिक्का मारलेला कागद.

"गॅरंटी आहे ताई."

मी कागदाला भुलणारी नव्हे. नाणं उचललं आणि काचेवर सोडलं. खण्ण! आवाज काचेवर रेंगाळला. तरी मी दोनदा वाजवलं, किमतीवरून अर्धा तास हुज्जत घातली, डबीचे वेगळे पैसे देणार नाही म्हणून सांगितलं. शेवटी दीडशेला तोडलं. माझ्या तेव्हाच्या पगारात दीडशे रुपये म्हणजे चेष्टा नव्हती. पण महाग पडलं म्हणूनच मला ते खरं वाटत होतं. घरी येताना मी बसमध्ये तीनदा डबी उघडून बघितली, काय सांगू!

शनिवारी सकाळी वैजूला ओवाळलं. उत्तमनं पेढा भरवला. मी डबी पुढं केली.

तिनं डबी उघडली आणि तिचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, जिंकले! मग तिनं नाणं चिमटीत धरलं, फरशीपासून वीतभर वर नेलं आणि सोडलं.

खण्ण.

पोरीचा चेहरा विझला. "वाजलं," ती हळूच म्हणाली.

"मग! दोनदा वाजवून घेतलंय मी."

"शिशाचं वाजत नाही." तिनं नाणं डबीत ठेवलं, डबीचं झाकण लावलं आणि ती माझ्याकडे सरकवली. रडली नाही, पाय आपटले नाहीत. "राहू दे. परत काही आणू नका."

"कुणी सांगितलं तुला वाजत नाही म्हणून?"

ती दप्तर आवरायला लागली.

"सरांनी?"

"साळूआजीनं."

"कोण साळूआजी? घाटावरची? तू तिला कशी ओळखतेस?"

"मी जाते तिच्याकडे. शाळा सुटल्यावर. दर बुधवारी."

"कधीपासून?"

"खूप दिवस झाले," असं म्हणून ती दप्तर घेऊन बाहेरच्या खोलीत गेली.

उत्तम माझ्याकडे बघत राहिला. धरणावर पहारेकऱ्याची नोकरी करणारा माणूस, पण स्वतःच्या घरात काय चाललंय ते त्याला कधी दिसलं नाही. आणि मलाही दिसलं नव्हतं, हे जास्त झोंबत होतं. मी, डोळ्यात तेल घालून बस तपासणारी!

मग मी मनाशी सगळं जुळवलं. त्या म्हातारीनं पोरीला नादी लावलं होतं. नाण्याचं खूळ तिनंच डोक्यात भरलं, म्हणजे घरचे लोक घाटावर येतील. माझी खाकी साडी बघून ती थांबली ते उगाच नव्हे, गिऱ्हाईक आलं हे तिनं ओळखलं होतं. पोरगी एकटी, आई नाही, नदीचा काठ. माझ्या मनात नाही नाही ते आलं. आज नाणं, उद्या घरातले दागिने मागायला लावील, परवा पोरगीच पळवील!

सोमवारी मधल्या सुट्टीत मी घाटावर गेले ती भांडायलाच.

"ए म्हातारे!" मी वरच्या पायरीवरूनच ओरडले. कपडे धुणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या. "आमच्या पोरीला काय शिकवतेस गं? लाज नाही वाटत? पोरांना फितवून माल खपवतेस? पोलिसात देईन, सांगून ठेवते!"

साळूबाईनं पाटी बाजूला ठेवली. हात पदराला पुसले. "खाली ये," म्हणाली. "असं गावाला ऐकवायचं न्हाई ते."

"इथूनच बोल!"

"तुझ्या पोरीची गोष्ट हाये. खाली ये."

मी खाली उतरले. तिनं दगडावरची वाळू हातानं झाडली आणि मला बसायला जागा केली. मी बसले नाही.

"पोरगी नाण्यापायी येत न्हाई माझ्याकडं," ती म्हणाली. "पहिल्यांदा आली तवा मागल्या सालातला श्रावण हुता. पाठीला दप्तर. म्हणली, आजी, इथं मेल्या माणसाची राख सोडत्यात, त्यातनं काय काय घावतं? म्या म्हणलं, मणी घावतो, डोरल्याची वाटी घावती, जोडवी घावत्यात. तर म्हणली, माझ्या आईचं जोडवं घावलं का? मासोळीचं हुतं."

मी दगडावर कधी बसले ते मला कळलं नाही.

आता ते सांगायलाच हवं. वैजूची आई आषाढात गेली तेव्हा घरच्यांनी पोरीला शेजाऱ्यांकडे ठेवलं आणि सांगितलं, आई मामाच्या गावाला गेलीय. पुढं सांगू, थोडी मोठी झाली की सांगू, असं करत कुणी सांगितलंच नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा उत्तमनं मला आधीच बजावलं होतं, "तिला अजून माहीत नाही. तू काही बोलू नकोस." आणि पहिल्याच संध्याकाळी, मी बॅगेतून साड्या काढत होते तेव्हा, ती पोर दारात येऊन उभी राहिली आणि तिनं मला विचारलं, "माझी आई कुठं आहे?" मी हसून म्हणाले, "मामाच्या गावाला गेलीय ना बाळा." नवी बायको घरात आणली आणि आधीची मामाकडे आहे, हे पोरीला पटेल असं आम्हा शहाण्यांना वाटलं.

साळूबाईकडे ती गेली तो श्रावण माझ्या लग्नाच्या आधीचा. म्हणजे मला विचारलं तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. तिनं मला वाजवून पाहिलं होतं.

"तिला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"वर्गातल्या पोरीनं. मग मला इचारलं, खरं का. म्या म्हणलं, व्हय. आषाढात आली हुती तुझी आई. हिरव्या बांगड्यांच्या काचा हुत्या राखंत. इथंच सोडली." म्हातारीनं हात करून पाण्यातली जागा दाखवली. "रडली. पदराला धरून रडली माझ्या. मग म्हणली, जोडवं शोध."

"सापडलं?"

"न्हाई. माझ्यापाशी डबाभर जोडवी हायती, बाई. एक उचलून हातावर ठिवलं असतं तर पोरगी हसत घरी गेली असती. हात गेला बी हुता डब्याकडं." तिनं पाटी जवळ ओढली. "पण घरात समदी तिला खोटं देत हुती. म्या बी द्यावं?"

बायकांचं कपडे धोपटणं परत सुरू झालं होतं.

"तिला म्हणलं, कदाचित माझ्याच हातनं आटणीत वितळून गेलं असंल आधी. मला ठावं न्हाई. तर म्हणली, गेलं नसंल तर पाण्यात किती दिस टिकंल? तवा म्या हे शिशाचं दावलं. दोन हजार वर्सं पाण्यात हुतं, तरी घावलं. तवापासनं येती दर बुधवारी. बसती. वाळू बघती."

"मग तिला हे नाणं तेव्हाच देऊन का नाही टाकलंत?"

"दिलं की! घेईना. म्हणली, घरातल्या कुणीतरी आणायला पायजे. खरं आणतेत का बघायचंय."

मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडले. खाकी साडीत, भर दुपारी, घाटावर. साळूबाईनं मला रडू दिलं. मग कनवटीचं नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं.

"आता वीस रुपये दे," ती म्हणाली.

मी दिले.

घरी गेले तेव्हा वैजू स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. उत्तम नुकताच कामावरून आला होता. मी त्याला बाहेर ओढून सगळं सांगितलं. तो भिंतीला टेकला. "आता कशाला उकरून काढतेस कुंदा? विसरेल ती हळूहळू."

"ती नाही विसरलेली. आपणच विसरलोय," मी म्हणाले आणि आत गेले. तिच्यासमोर बसले, एक शेंग उचलली. ती फोडली आणि दाणे उडून फरशीवर गेले.

"वैजू, तुझी आई मामाकडे नाही. ती वारली. तू मला पहिल्या दिवशी विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले. चुकलं माझं."

तिनं वर पाहिलं नाही. सोलत राहिली. दोन शेंगा झाल्या, तीन झाल्या.

"कुठल्या वारी?" तिनं विचारलं.

जिभेवर आलं होतं, सोमवारी म्हणून. काहीतरी सांगून टाकायचं, पोरीला बरं वाटेल. मी जीभ चावली.

"मला माहीत नाही गं. मी तेव्हा नव्हते."

"मंगळवारी," दारातून उत्तमचा आवाज आला. तो कधी येऊन उभा राहिला कुणास ठाऊक. "पहाटे. तुझं नाव घेत होती. मी तुला उठवायला पाहिजे होतं बाळा. मी उठवलं नाही." आणि एवढा मोठा माणूस उंबऱ्यावर बसून हुंदके द्यायला लागला. वैजू उठली, बापाजवळ गेली, त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. मटार तसेच राहिले.

बऱ्याच वेळानं मी नाणं तिच्यासमोर ठेवलं. डबी नाही, कागद नाही. काळपट करडा तुकडा, हत्तीची सोंड तेवढी बोटाला लागायची. तिनं ते वीतभर वर नेलं आणि सोडलं.

थप्प.

"आजीकडचं," ती म्हणाली आणि मूठ घट्ट मिटली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बुधवारी तुम्ही याल?"

मी बुधवारची सुट्टी मागून घेतली. चार वर्षं जात होतो आम्ही. पावसाळा सोडला तर खाडा नाही. साळूबाईनं मला पाटी फिरवायला शिकवलं, आणि माझ्या हातून सोनं कसं निसटतं ते बघून बोळक्या तोंडानं हसायची. आम्हाला मणी सापडले, मासे धरायचे गळ सापडले, आणखी तीन शिशाचे हत्ती सापडले. मासोळीचं जोडवं सापडलं नाही.

एक कबूल करते. एकदा सोनाराकडे मोडीत आलेलं जुनं मासोळीचं जोडवं मला दिसलं. झिजलेलं, काळं पडलेलं, अगदी हवं तसं. मी ते विकत घेतलं. बुधवारी कमरेला खोचून घाटावर गेले. वैजू पाठमोरी होती, वाळूत टाकायचा अवकाश. साळूबाईनं माझा हात पाहिला. नुसती पाहत राहिली. मी ते जोडवं परत कमरेला खोचलं आणि दुसऱ्या दिवशी सोनाराला देऊन आले.

साळूबाई गेली त्या वर्षी वैजू नववीत होती. तिची राखही तिथंच सोडली. पुढच्या बुधवारी आम्ही दोघीच गेलो. वैजूनं पाटी भरली, दोनदा फिरवली, मग हात थांबवले. पाटीतली वाळू तिनं सावकाश पाण्यात परत सोडली.

"राहू दे आईला तिथंच," ती मला म्हणाली. "आता साळूआजी आहे सोबतीला."

मग आम्ही पाटी धुऊन घेतली आणि घरी आलो. मी भात टाकला, तिनं मटार सोलले.